पगाराची वाट बदलली, गोळीची वेळ चुकू नये

रक्तदाबाचा जुना रुग्ण समोर असावा आणि आकडा अचानक चढलेला दिसावा, अशा वेळी डॉक्टर काही ठरावीक प्रश्न विचारतो. जेवणात मीठ वाढले आहे का? झोप नीट लागते का? अंगदुखीच्या गोळ्या परस्पर घेतल्या का? नेहमीची गोळी रोज चालू आहे ना? भोर आणि वेल्हे भागांतील वृद्ध रुग्णांच्या बाबतीत या यादीत आणखी एक प्रश्न घालावा लागतो : "पगार आला का?"

हा पगार नोकरीचा नव्हे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून किंवा श्रावणबाळ योजनेतून दरमहा मिळणाऱ्या रकमेला आपल्या गावांत 'निराधारचा पगार' म्हणतात. या प्रश्नाचे उत्तर "नाही आला" असे मिळाले, की पुढचे बरेच काही न विचारताच उलगडते. गोळ्या एक दिवसाआड झालेल्या असतात किंवा संपून पंधरवडा लोटलेला असतो.

गेल्या काही काळात या पगाराची वाट बदलली आहे. जुन्या वाटेवरून नव्या वाटेवर जाताना काही वृद्धांची रक्कम मध्येच अडकते आणि त्याची पहिली झळ औषधांना बसते. म्हणूनच आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय मांडण्याचे प्रयोजन आहे. आपल्या घरात, शेजारी किंवा गावाकडे असे कोणी असेल, तर पुढील मजकूर त्यांच्यासाठी वाचावा.

नेमके काय बदलले?

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० साली सुरू झाली. ६५ वर्षांखालील निराधार व्यक्ती, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, तसेच क्षय, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या आजारांमुळे कमावू न शकणारे रुग्ण यांच्यासाठी ती आहे. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील वृद्ध, विधवा आणि दिव्यांगांना केंद्र शासनाच्या इंदिरा गांधी निवृत्तिवेतन योजनांचा हिस्सा मिळतो आणि राज्य त्यात आपली भर घालते. दरमहाची रक्कम २०१९ मध्ये ६०० रुपयांवरून १००० रुपये झाली आणि २०२३ मध्ये १५०० रुपये. दिव्यांगांसाठी ती ऑक्टोबर २०२५ पासून २५०० रुपये करण्यात आली.

पूर्वी तहसील कचेरीतील संजय गांधी शाखेत देयक तयार होई, कोषागारातून रक्कम निघे, लाभार्थ्यांच्या याद्या बँकांकडे किंवा टपाल कार्यालयाकडे जात आणि तेथे खाते क्रमांकानुसार पैसे जमा होत. या प्रवासात अनेक टेबले होती आणि प्रत्येक टेबलावर काही दिवस जात. डिसेंबर २०२४ पासून राज्याने ही रक्कम थेट लाभ हस्तांतरणाच्या, म्हणजे डीबीटीच्या मार्गाने देण्यास सुरुवात केली. शासनाच्या पोर्टलवरून रक्कम निघते आणि आधारशी जोडलेल्या खात्यात थेट पोहोचते.

व्यवस्था म्हणून हा बदल चांगला आहे. मधली टेबले कमी झाली आणि यादीत नाव पुढेमागे होण्याची भीती कमी झाली. पण एक गोष्ट घरोघरी समजावून सांगायची राहिली. जुन्या वाटेवर पैशाचा पत्ता होता तो खाते क्रमांक. नव्या वाटेवर पत्ता आहे आधार क्रमांक. बहुतेक घोटाळे या एका फरकातून निर्माण होतात.

पैसे बंद झाले, की दुसरीकडे गेले?

"पगार बंद झाला," असे सांगत येणाऱ्या प्रत्येकाचा पगार खरोखर बंद झालेला असतोच असे नाही. काहींचे पैसे निघालेले असतात, पण आपण पाहत असलेल्या खात्यात आलेले नसतात.

याचे कारण असे. एका आधार क्रमांकासमोर सरकारी लाभासाठी एका वेळी एकच खाते नोंदलेले असते. ही नोंद एनपीसीआय या संस्थेकडे असते. एखाद्या आजींचे खाते वीस वर्षांपासून जिल्हा बँकेच्या शाखेत आहे. मध्यंतरी गावात कोणी शिबिर घेऊन नवे खाते उघडून दिले किंवा मोबाइलचे सिमकार्ड घेताना पेमेंट बँकेचे खाते उघडले गेले आणि तेथे आधार जोडण्यास संमती दिली गेली. मग नोंद नव्या खात्याकडे सरकते. आजी जुनेच पासबुक घेऊन शाखेत जातात आणि कोऱ्या रकान्याकडे पाहून परततात. पैसे मात्र त्या विसरलेल्या खात्यात महिन्यामहिन्याला साठत असतात.

दुसरा गैरसमज 'आधार दिलेले आहे' या शब्दांचा. खाते उघडताना आधारची झेरॉक्स बँकेत दिली म्हणजे ओळख पटली. पण तेवढ्याने ते खाते सरकारी लाभ स्वीकारण्यास सज्ज होत नाही. त्यासाठी संमतीपत्रावर सही किंवा अंगठा देऊन आधार सीडिंग करून घ्यावे लागते. म्हणून बँकेत विचारताना "आधार जोडले आहे का?" एवढेच विचारू नये. "माझे खाते डीबीटीसाठी आधार सीडिंग केलेले आहे का?" असे विचारावे. आधारच्या संकेतस्थळावरही 'बँक सीडिंग स्थिती' पाहता येते. तेथे कोणत्या बँकेत नोंद आहे आणि ती चालू आहे की नाही, हे दिसते. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून तो क्रमांक चालू असणे महत्त्वाचे.

तिसरे कारण खाते निष्क्रिय होण्याचे किंवा केवायसी जुनी झाल्याचे. २०२५ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात जनधन खात्यांची केवायसी नव्याने करण्यासाठी ग्रामपंचायतींमध्ये शिबिरे झाली, ती याचसाठी. चौथे कारण नावातील फरकाचे. आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरे, शिधापत्रिकेवर तिसरे. माहेरचे-सासरचे नाव, 'बाई' लावलेले आणि न लावलेले. पाचवे कारण हयातीच्या दाखल्याचे किंवा उत्पन्नाच्या दाखल्याचे. हा दाखला वेळेवर पोहोचला नाही, तर रक्कम खरोखर थांबू शकते आणि त्यासाठी बँकेत नव्हे, तहसील कचेरीत जावे लागते.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी सीडिंगची स्थिती पाहावी, मग त्या बँकेचे पासबुक छापून घ्यावे आणि तेथेही रक्कम नसेल तरच तहसील कचेरी गाठावी. केळद, पासली किंवा हिर्डोशी खोऱ्यातील वृद्धाला तालुक्याच्या गावी येऊन जाण्यात एक दिवस मोडतो. पावसाळ्यात घाटरस्ते बंद पडतात तेव्हा तर हा प्रवास नकोसा होतो. योग्य क्रमाने चौकशी केली, तर दोन खेपा वाचतात.

अंगठा का उमटत नाही?

या विषयातील पूर्णपणे वैद्यकीय भाग म्हणजे बोटांचे ठसे. बँकमित्राच्या यंत्रावर अंगठा ठेवला की पैसे मिळतात. पण अनेक वृद्धांचा ठसा यंत्र स्वीकारत नाही आणि त्यांना आपलेच काही चुकल्याप्रमाणे ओशाळे वाटते. त्यांचे काहीही चुकलेले नसते.

बोटांवरील रेषा म्हणजे त्वचेवरील बारीक उंचवटे. वय वाढते तशी त्वचेची लवचीकता आणि ओलावा कमी होतो आणि हे उंचवटे सपाट होत जातात. ज्यांनी आयुष्यभर भातखाचरात चिखल तुडवून लावणी केली, विळा-कोयता धरला, दगड-माती-सिमेंट उचलले, त्यांच्या रेषा अधिक झिजतात. हातांचा इसब, कुष्ठरोगाने आलेली विकृती, भाजल्याचे व्रण यांमुळेही ठसा मिळत नाही. कर्करोगावरील कॅपेसिटाबिन या गोळ्यांनी तळहातांची त्वचा सोलवटते आणि ठसे पुसट होतात, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. असे उपचार चालू असतील, तर डॉक्टरांकडून तसे लेखी घ्यावे.

यावर काही साधे उपाय आहेत. यंत्रावर जाण्याआधी आठवडाभर रोज रात्री बोटांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळावे. त्या दिवशी सकाळी हात कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. तेलकट किंवा ओल्या बोटाचा ठसा नीट येत नाही. मिश्री, मेंदी, हळद किंवा चुन्याचा थर बोटांवर नसावा. अंगठाच हवा असा नियम नाही. दहा बोटांपैकी कोणते बोट सर्वांत चांगले जुळते, ते आधार केंद्रावर पाहता येते. एकही बोट जुळत नसेल, तर डोळ्यांच्या बुबुळांची ओळख आणि चेहऱ्यावरून ओळख असे पर्याय आधारच्या व्यवस्थेत आहेत. जुना आधार असेल, तर बोटांचे व बुबुळांचे ठसे एकदा नव्याने अद्ययावत करून घेणे हिताचे. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी घरी येऊन ही नोंद करण्याची सोय आहे; १९४७ या आधारच्या क्रमांकावर तिची चौकशी करावी.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील आधारविषयक निकालात, केवळ ठसे जुळले नाहीत म्हणून पात्र व्यक्तीला लाभापासून वंचित ठेवू नये, तिची ओळख अन्य मार्गाने पटवून घ्यावी, अशी भूमिका घेतली आहे. बँकेच्या शाखेत पासबुक आणि ओळखपत्र दाखवून पैसे काढण्याचा मार्ग तर कायम आहेच. म्हणून अंगठा उमटला नाही म्हणून रिकाम्या हाती परतू नये.

आणखी एक सावधगिरी. यंत्रावर "लागला नाही, पुन्हा ठेवा" असे सांगितले गेले, तर प्रत्येक वेळी पावती मागावी आणि खात्यातील शिल्लक पाहावी. एका वेळी रक्कम निघालेली असूनही पुन्हा अंगठा घेतला जाण्याची शक्यता असते. टपाल खात्याच्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेत डीबीटीसाठी खाते उघडता येते आणि पोस्टमन दारात येऊन रक्कम देऊ शकतो. भाटघरच्या पाण्याकाठच्या दूरच्या वाड्यांवर राहणाऱ्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे. सत्तरीपुढच्या आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच मूलभूत बँकसेवा द्यावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना दिलेली आहे.

मधल्या काळात औषध कसे टिकवावे?

डॉक्टर रक्तदाबाची एक गोळी बदलून दुसरी देतो, तेव्हा नवी लागू पडते की नाही याकडे लक्ष ठेवतो आणि रुग्णाला मधल्या काळात उघड्यावर सोडत नाही. पगाराची वाट बदलतानाही घरातल्यांनी हेच करायचे आहे. नव्या वाटेवरून पैसे येऊ लागल्याची खात्री होईपर्यंत औषधांची सोय वेगळी करून ठेवावी.

दरमहा १५०० रुपये म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. त्यात तेल-मीठ, चहापत्ती, एसटीचे तिकीट आणि औषध बसवायचे असते. रक्कम अडकली की वृद्ध माणूस प्रथम स्वतःच्या औषधाला कात्री लावतो, कारण ते न घेतल्याचे लगेच काही जाणवत नाही. उच्च रक्तदाब दुखत नाही. तो एके दिवशी अर्धांगवायूच्या रूपाने समोर येतो.

काही औषधे अचानक थांबवणे विशेष धोक्याचे असते. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या गटातील गोळ्या एकाएकी सोडल्या, तर छातीत दुखणे किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. क्लोनिडीन थांबवल्यास रक्तदाब उसळी घेतो. फीटची गोळी चुकली, तर एकामागून एक फिट्स येऊन जिवावर बेतते. हृदयात स्टेंट बसवलेल्याने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड आणि इन्सुलिन हीदेखील याच यादीत येतात. घरातील वृद्धाच्या गोळ्यांपैकी कोणती एक दिवसही चुकवायची नाही, हे आपल्या डॉक्टरांकडून विचारून त्या पाकिटावर लाल खूण करून ठेवावी.

याच्या उलट एक धोका आहे आणि तो सहसा लक्षात येत नाही. पैसे नसले की जेवण कमी होते, पण मधुमेहाची गोळी तीच राहते. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन पोटात पुरेसे अन्न नसेल, तर साखर धोकादायकरीत्या उतरते. दरदरून घाम येणे, हात थरथरणे, बोलणे असंबद्ध होणे, झापड येणे ही लक्षणे दिसताच, गिळता येत असेल तर साखरेचे पाणी किंवा गूळ द्यावा आणि दवाखाना गाठावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. बँकेच्या रांगेत उभे राहायला जाणाऱ्या मधुमेही वृद्धाने न्याहारी करूनच निघावे आणि पिशवीत पाण्याची बाटली, गुळाचा खडा व स्वतःच्या औषधांची चिठ्ठी ठेवावी.

औषधांसाठी पगाराची वाट पाहावी लागू नये, अशा सोयी आहेत, त्यांचा उपयोग करावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात अॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन यांसारखी नेहमीची औषधे दिली जातात. भोरला आणि वेल्ह्याला शासकीय रुग्णालय आहे. खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू असले, तरी अडचणीच्या महिन्यात चिठ्ठी घेऊन सरकारी केंद्रात जाण्यात संकोच नसावा. गोळीचा रंग वेगळा दिसला, तर घटक तोच आहे का हे विचारून घ्यावे. नाहीतर एकच औषध दोन नावांनी दुप्पट घेतले जाते. जन औषधी दुकानांतही जेनेरिक गोळ्या स्वस्त मिळतात. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ते रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नव्हे, हे लक्षात ठेवावे.

पासष्टाव्या वर्षाचा उंबरठा

एका टप्प्यावर बदल शासनाच्या निर्णयाने नव्हे, तर वयाने येतो. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. ती २१ ते ६५ वयाच्या महिलांसाठी आहे आणि तिची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये आहे. इतर शासकीय योजनेतून १५०० रुपये किंवा अधिक मिळत असतील, तर ती लागू होत नाही. म्हणजे निराधारचा पगार आणि लाडकी बहीण हे दोन्ही पूर्ण लाभ एकाच वेळी मिळत नाहीत.

पासष्टी ओलांडताच लाडकी बहीणचा लाभ संपतो. तेथून श्रावणबाळ योजनेत आपोआप नाव जाईल, असे गृहीत धरू नये. श्रावणबाळसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि त्याची उत्पन्नमर्यादा वार्षिक २१ हजार रुपये, म्हणजे फारच कमी आहे. लाडकी बहीणमध्ये बसणारी प्रत्येक स्त्री श्रावणबाळमध्ये बसेलच असे नाही. म्हणून आईच्या पासष्टाव्या वाढदिवसाच्या काही महिने आधीच वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा तयार ठेवून तहसील कचेरीत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात चौकशी करावी. पात्रता नसेल, तर तेही आधी कळलेले बरे. घरातील खर्चाची आणि औषधांची मांडणी वेळेत बदलता येते.

आधारच्या याच वाटेने इतरही लाभ येतात. क्षयरुग्णाला पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १००० रुपये झाली. गरोदर सुनेला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेची रक्कम मिळते. शेतकऱ्याला पीएम-किसानचा हप्ता मिळतो. म्हणून घरातील प्रत्येक लाभार्थ्याची सीडिंगची स्थिती एकदाच तपासून घ्यावी.

मनावरचा भार

पैसे अडकल्याने होणारा त्रास केवळ पोटाचा नसतो. ब्रिटनमध्ये २०१३ पासून सहा जुने भत्ते एकत्र करून 'युनिव्हर्सल क्रेडिट' ही नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आणली गेली. तेथे पहिली रक्कम हाती येईपर्यंत सुमारे पाच आठवडे थांबावे लागते. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही पद्धत लागू झाल्यानंतर बेरोजगारांमधील मानसिक क्लेशाचे प्रमाण सुमारे साडेसहा टक्केबिंदूंनी वाढल्याचे आढळले. त्यांची व्यवस्था वेगळी आणि आपली वेगळी. पण हक्काचे पैसे कधी येतील हे न कळण्याची काळजी सगळीकडे सारखीच असते.

आपल्याकडे वृद्ध माणूस ही काळजी शब्दांत सांगत नाही. "भूक नाही," "रात्री डोळा लागत नाही," "अंगात कणकण आहे," असे सांगतो. अशा तक्रारी दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकल्या किंवा "आता पुरे झाले," अशी भाषा येऊ लागली, तर ते थट्टेवारी नेऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा शासकीय मदतक्रमांकही आहे.

येथे एक वैद्यकीय खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नेहमी व्यवस्थित हिशेब ठेवणारी व्यक्ती नोटा मोजताना चुकू लागली, पैसे काढल्याचे विसरू लागली, तेच पासबुक वारंवार शोधू लागली, तर तो स्मृतिभ्रंशाचा आरंभ असू शकतो. पैशांचे व्यवहार हे मेंदूचे गुंतागुंतीचे काम असल्याने त्यात बिघाड लवकर दिसतो. नव्या पद्धतीला दोष देऊन हे लक्षण झाकले जाऊ नये. थायरॉइडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि नैराश्य यांनीही असेच होते आणि ती कारणे बरी होण्याजोगी असतात.

पैसा कोणाच्या हाती?

नव्या पद्धतीत मोबाइल आला, ओटीपी आला, एटीएम कार्ड आले. आणि ते सारे सहसा मुलाच्या किंवा नातवाच्या खिशात गेले. मदत म्हणून हे योग्यच आहे. मात्र पगार आईचा आहे, हे घरातल्या सर्वांच्या लक्षात राहावे. पैसे काढून आणले, तर ते तिच्या हातात मोजून द्यावेत आणि पासबुक तिच्याच पेटीत राहावे.

हा केवळ सौजन्याचा भाग नाही. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी दक्षिण आफ्रिकेतील वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. निवृत्तिवेतन आजीच्या हाती पडत होते, त्या घरांतील नातींचे पोषण सुधारले. आजोबांच्या हाती पडले, तेथे असा परिणाम दिसला नाही. आपल्या गावांतही आजीच्या कनवटीच्या पैशातून नातवंडांसाठी केळी, अंडी, गुडदाणी येते, हे आपण पाहतोच. त्या पैशावर तिचा ताबा राहिला, तर तिचे औषधही वेळेवर येते आणि घरातील तिचे स्थानही टिकते.

पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा

आपण पुण्यात किंवा शिरवळच्या कारखान्यात नोकरीला असाल आणि आई-वडील खोऱ्यात राहत असतील, तर एका भेटीत एवढे करून यावे :

• आधारच्या संकेतस्थळावर किंवा बँकेत सीडिंगची स्थिती पाहावी. कोणत्या बँकेत नोंद आहे, ते मोठ्या अक्षरांत वहीत लिहावे.
• त्या बँकेचे पासबुक छापून घ्यावे आणि शेवटच्या सहा महिन्यांच्या जमा रकमा तपासाव्यात.
• आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे का, ते पाहावे. फोनवर कोणालाही ओटीपी सांगायचा नाही, हे आई-वडिलांना समजावून सांगावे.
• हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला केव्हा द्यायचा, हे तहसील कचेरीत विचारून दिनदर्शिकेवर खूण करावी.
• काही महिन्यांची रक्कम आली नसेल, तर त्या महिन्यांची नावे लिहून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.
• नेहमीच्या गोळ्यांचा एक महिन्याचा जादा साठा घरात ठेवावा. संपण्याची तारीख पाहून तो फिरवत राहावा.
• गावातील आशाताईंना सांगून ठेवावे : पगार चुकला तर मला कळवा आणि गोळ्या संपल्या तरी कळवा.

शेजारी एखादी एकटी, निपुत्रिक वृद्धा राहत असेल, तर हीच यादी तिच्यासाठीही लागू करावी. तिला विचारणारे दुसरे कोणी नसते आणि सीडिंग, केवायसी, पोर्टल हे शब्द तिच्यापर्यंत पोहोचलेलेही नसतात. तिचे पासबुक आणि औषधांची पिशवी दोन्ही एकदा उघडून पाहावी. पासबुकातील शेवटची नोंद तीन महिन्यांपूर्वीची असेल, तर पाकिटातील गोळ्याही मोजून घ्याव्यात.